तेरा हात तार

गजरा हातावर मोजून विकतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. अकोल्याच्या जुन्या शहरात, देवळाच्या वळणावर बसून मी तीसेक वर्षं असे हात मोजले. माझ्याजवळ हात दोन प्रकारचे होते. देवाला, घरच्यांना, शेजारणीला द्यायचा तो पूर्ण हात. गिऱ्हाइकाचा हात जरा आखूड. कोपर थोडं वाकवायचं, दोरा बोटाच्या टोकापर्यंत न नेता पेरावरच चिमटीत धरायचा, दोन बोटं सुटतात. माझं माहेर पातूरजवळचं, घरची फुलं अन् घरचाच भाजीपाला. तिथे आईनं मला हे शिकवलं, भाकर थापायला शिकवावी तसं. चोरी म्हणून कोणी शिकवलं नाही, म्हणून चोरी वाटलीही नाही.

माझ्या लेकीनं ते पकडलं तेव्हा ती तिसरीत होती. शाळेत फूटपट्टी आणायला सांगितली होती, नवी पट्टी, जे दिसेल ते मोजायची. पाट मोजला, मांजराचं शेपूट मोजलं. मग टोपलीतले गजरे मोजले अन् समोर गिऱ्हाईक उभं असताना विचारलं, "आई, तुहा हात दर खेपेले येगळा काहून होते?" गिऱ्हाईक बाई हसली. मी पोरीला आत पाठवलं. तिला चिमटा काढला की नाही ते मला आठवत नाही. तिला आठवतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्या हातापाशीच येऊन थांबतं.

मी स्वतः चौथी शिकलेली. पुढचं वाचायला मला पुड्यांनी शिकवलं. फुलं बांधायला रद्दीचे पेपर यायचे, गिऱ्हाईक नसलं की मी ते वाचायची. अर्धी बातमी फाटलेली असायची, ती मनानं पुरी करायची. पण लेक मात्र अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर झाली अन् तिला नोकरी लागली ती थेट ओडिशाच्या किनाऱ्यावर. काम काय, तर रडारनं समुद्राचं वरचं पाणी कोणत्या बाजूला अन् किती जोरानं वाहतं ते मोजणं.

गल्लीत हे सांगायचं कसं, मला कळेना. शेजारच्या काकूंना सांगितलं, पोरगी समुद्राचं पाणी कुठे जाऊन राहिलं ते पाहते. काकू तांदूळ निवडत होत्या. वर न पाहताच म्हणाल्या, "जाऊ दे ना वो त्या पाण्याले जिकडं जायचं तिकडं. तुह्या पोरीचं काय अडलं?" सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यानंतर कोणी विचारलं की मी नुसतं 'सरकारी रडार' म्हणायची. लोक समजायचे मिलिटरीत आहे. मी समजू द्यायची.

लेकीला हे कळलं तेव्हा ती रागावली नाही. सुटीत आली होती. मला मोर्णेच्या काठावर घेऊन गेली. पाणी थोडं होतं, त्यात कोणीतरी टाकलेलं निर्माल्य चाललं होतं. म्हणाली, "तो झेंडू पाह्य. इथं उभं राहून तुले येवढंच नीट कळते, का तो आपल्याकडं येऊन राहिला का दूर जाऊन राहिला. आडवा किती गेला ते कळत नाई. म्हणून दुसरा माणूस तिकडं पुलाजवळ उभा पाह्यजे. दोघांचं जुळवलं का मंग नकाशावर पाण्याचा खरा बाण काढता येते." तसे त्यांचे किनाऱ्यावर दोन रडार होते, एकमेकांपासून बरेच लांब. रडार समुद्रावर रेडिओची लाट फेकतं, पाण्याच्या लाटा ती परत धाडतात. आपल्या स्टेशनात गाडी येताना शिट्टी चढी ऐकू येते अन् गाडी पुढे गेली की उतरते, तसाच फरक परत आलेल्या लाटेतही पडतो. त्यावरून पाणी येतंय की जातंय ते समजतं. मासेमाराच्या बोटीचं इंजिन बंद पडलं, कोणी पाण्यात पडलं, तर इतक्या तासांनी ते कुठे वाहत गेलं असेल ते ह्या बाणांवरून सांगता येतं. मला तेव्हा ते समजलं, अन् अभिमानही वाटला. म्हणजे मला काही माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

लेकीचे बाबा वारल्यावर घर खायला उठायचं. लेक म्हणाली, माझ्याकडे चल तीन महिने. मी गेले. कपड्यांच्या ट्रंकेत खुरपं ठेवलं अन् लुगड्याच्या पदराला पातूरच्या दोडक्याचं बी बांधलं.

तिचं ते स्टेशन म्हणजे वाळूवर एक सिमेंटची खोली, आत यंत्रं, मागे दोन खोल्यांचं क्वार्टर. समोर समुद्राकडे तोंड करून खांबांची ओळ, एकेक खांब माणसाच्या दुप्पट उंच, अगदी सारख्या अंतरावर. माळ्याच्या पोरीला असे उघडे खांब दिसले की मांडवच दिसतो. मी म्हटलं, वेल चढवायला काय मस्त आहेत. लेक हसली अन् मग हसणं थांबवून मला सगळं दाखवलं. कुंपण बांबूचं होतं, ते बांबूही नायलॉनच्या दोरीनं बांधलेले. एक खिळा नाही, तार नाही. म्हणाली, "ह्या खांबाईच्या जवळपास लाकूड चालते, दोरी चालते, सुतळी चालते. लोखंड नाई, पत्रा नाई, तार तर बिलकूलच नाई. तार असली का ती बी रडारसारखी बोलाले लागते. मंग आवाज कोणत्या बाजूनं आला ते ह्या खांबाईले कळत नाई." मी हो म्हटलं.

कुंपणाच्या कडेला एक सुरूचं झाड होतं, शेवटच्या खांबापासून पंधराएक पावलांवर. त्याच्या मुळाशी शेणखत घालून, क्वार्टरमधलं भांडी धुतल्याचं पाणी वळवून मी दोडका लावला. झाडाच्या फांदीवरून खाली खुंटीपर्यंत सुतळी ताणली. लेकीनं येऊन पाहिली, हातानं चाचपली अन् ठीक आहे म्हणाली. तिला आवडायलाच लागलं ते. सकाळी चहाचा कप घेऊन वेलापाशी उभी राहायची. तिच्या नावाची त्या वेळी वर शिफारस गेली होती, दोन्ही रडार तिच्या हाताखाली येणार होते. फोनवर बोलताना तिचा आवाज वेगळाच यायचा. तिला खात्री असायची. एखादा बाण वेडावाकडा दिसला की यंत्राकडे न पाहताच सांगायची, अमुक केबलमध्ये पाणी शिरलं असेल, अन् तसंच निघायचं.

वेलाला दोडके लागले अन् ओझं वाढलं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं सुतळी कुजते. एकदा तुटली, मी बदलली. पुन्हा तुटली अन् अर्धा वेल वाळूत पडला, कोवळी फळं मोडली. मला फार लागलं ते. नायलॉनच्या दोरीचा विचार केला, पण तिच्यावर वेल घसरेल असं वाटलं. आठवडी बाजाराला गेले तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून बांधायची बारीक तार घेतली. पिशवीत तळाशी तार ठेवली अन् वर पालक, वांगी.

ती तार मी भाजीखाली ठेवली. कितीदा मनाला समजावलं की बारीकच आहे, पंधरा पावलं लांब आहे, खांबाला कुठे बांधली? पण चालणारी वस्तू असती तर ती मी हातात घेऊन आले असते. लपवून आणली, म्हणजे मला माहीत होतं. लेक दुसऱ्या रडारकडे गेली होती तेव्हा तारेच्या टोकाला दगड बांधून मी ती फांदीवरून टाकली, खाली खुंटीला आवळली अन् वेल पुन्हा चढवला. पानं इतकी दाट, की तार दिसायची नाही. मला समाधान वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेक दारातून विचारत होती. तोंडात तिच्या ब्रश होता. "आई, येल पडला होता ना? परत बांधला का? सुतळीच ना?"

मी पोळी लाटत होते. "सुतळीच," म्हटलं.

एवढंच. एक शब्द. पोळीसुद्धा थांबली नाही माझी.

त्यानंतर लेक यंत्राच्या खोलीत जास्त वेळ बसायला लागली. नकाशातल्या एका बाजूचे बाण रोज वेगळेच येत होते. आधी ती म्हणाली, खरंच पाणी वळलं असेल. मग केबल पाहिली, जोड पाहिले. जेवताना ताट समोर ठेवून कागद चाळत बसायची. मी म्हणायची, खाऊन घे, दोडका गार होईल. दोन रात्री तरी मला नीट झोप लागली नसेल, पण उठून तार सोडण्याइतकी ती झोप उडाली नव्हती. दोडक्याला आठवडाभराची फळं उरली होती, तेवढी निघाली की सोडू, असं मी ठरवलं होतं. लेकीच्या कामापुढे मी आठवडाभराचे दोडके ठेवले.

नवव्या दिवशी वरून दोन साहेब तपासणीला आले. त्यांची तपासायची रीत अशी, की बोटीनं एक नारिंगी डबा नेऊन समुद्रात सोडायचा. डब्यात यंत्र असतं, तो कुठे आहे ते कळवत राहतं. इकडे रडारच्या बाणांवरून सांगायचं की डबा कुठे जाईल. दोन्ही जुळले तर रडार बरोबर. सकाळी डबा सोडला. बाण सांगत होते, खोल समुद्राकडे जाईल. डबा किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला चालला. दुपारपर्यंत दोन्हींत इतकं अंतर पडलं, की मोठ्या साहेबांनी आकडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले.

मी स्वयंपाकघरात होते. ते हिंदीत बोलत होते, भिंत पातळ होती. साहेबांनी विचारलं, आसपास कुठे धातूची नवी वस्तू आली आहे का. लेक म्हणाली, नाही, मी रोज पाहते. तरी ती उठली अन् बाहेर गेली. मी खिडकीतून पाहत होते. एकेका खांबापाशी थांबली, तळ पाहिला, जोड पाहिले, कुंपणाच्या कडेनं चालत आली. वेलापाशी येऊन उभी राहिली. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. तिनं हात लांब करून एक दोडका तोडला, वाळू झटकली, अन् परत फिरली. पानं बाजूला करून पाहिलं नाही. कशाला पाहील? तिनं मला विचारलं होतं, मी सांगितलं होतं.

तो दोडका तिनं माझ्या हातात आणून दिला. त्याचीच भाजी मी साहेबांना वाढली. शेंगदाण्याचा कूट घालून, आपल्याकडे करतात तशी. मोठ्या साहेबांनी दुसऱ्यांदा मागितली, म्हणाले, माताजी, ऐसी तोरी हमने नहीं खाई. लेक खाली मान घालून जेवत होती. जेवण झाल्यावर तिनंच सांगितलं, देखभालीत माझीच कुठेतरी चूक झाली असणार, मी लिहून देते.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांना पोचवायला गेली तेवढ्यात मी तार सोडली. गुंडाळून ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवली. वेल उपटून टाकला अन् सांगितलं, कीड लागली. त्याच दुपारपासून बाण सरळ झाले. मला वाटलं होतं, सरळ झाले की संपलं. पण ते तिला जास्तच लागलं. बिघडलं तेव्हा का बिघडलं ते कळलं नाही, अन् सुधारलं तेव्हा का सुधारलं तेही नाही. त्या नऊ दिवसांपुढे त्यांच्या नोंदवहीत 'कारण अज्ञात' असं लिहिलं गेलं अन् खाली तिची सही.

दोन्ही रडार दुसऱ्याच्या हाताखाली गेले. तिला शहरातल्या कचेरीत बसवलं, जुन्या नोंदी पडताळायला. समुद्र खिडकीतूनही दिसत नाही म्हणाली.

ह्याला तीन वर्षं झाली. ह्या तीन वर्षांत मी तिला पाहत होते. घरी आली की गॅसचं बटण तीनदा पाहायची. निघताना कुलूप ओढायची, चार पावलं जायची, परत येऊन ओढायची, अन् कोपऱ्यावरून पुन्हा एकदा. भाजीत मीठ घातलं की नाही ते मला विचारायची, आत्ताच स्वतः घातलेलं असायचं. काकू म्हणाल्या, लगन लांबलं का असं होते पोरीईले. मी काकूंच्या हो ला हो केलं. ज्या पोरीनं तिसरीत असताना माझे दोन हात ओळखले, तिचा आता स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता. अन् तो कुणी नेला ते माझ्या ट्रंकेत होतं.

सांगायचं ठरवलं नव्हतं असं नाही. दर खेपेला ठरवायची. ती आली की वाटायचं, चार दिवस आली आहे, कशाला. गेली की वाटायचं, फोनवर कसं सांगायचं.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीच्या तिच्या कॉलेजनं तिला मुलांशी बोलायला बोलावलं. मलाही घेऊन गेली. मला पहिल्या रांगेत बसवलं, पाण्याची बाटली दिली. मुलांना तिनं झेंडूचंच उदाहरण दिलं, मोर्णेचं नाव घेतलं, माझ्याकडे पाहून हसली. मग एका मुलीनं विचारलं, मॅडम, रडार चुकलं तर? तेव्हा तिनं ते नऊ दिवस सांगितले. सगळे सांगितले. डबा, साहेब, खांब, सगळं. दोडका नाही सांगितला, तो तिच्या हिशेबात नव्हताच. शेवटी म्हणाली, "यंत्रात दोष नव्हता. दोष माझ्या पाहण्यात होता, अन् तो मला अजून सापडलेला नाही. म्हणून मी आता स्वतःवर विश्वास ठेवत नाही, तीनदा तपासते." मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती फार मोठी गोष्ट वाटली. ती मुलगी वहीत लिहून घेत होती.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझे हात मांडीवरच होते. बाजूला बसलेल्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, किती प्रामाणिक आहे हो तुमची मुलगी, तुमचेच संस्कार. त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं मला.

परतताना एसटीत बसलो. मी खिडकीशी, ती बाजूला. बडनेरा गेलं, ती डोळे मिटून बसली होती. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला, अर्धी गाडी रिकामी झाली. मी खिडकीबाहेर संत्रीवाल्याच्या टोपलीकडे पाहत बोलले. तिच्याकडे पाहून मला बोलता आलं नसतं.

"ते सुतळी नव्हती," मी म्हटलं. "तार होती."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, पण तिचा दंड माझ्या दंडाला टेकलेला होता, तो बाजूला झाला. ती उठली अन् खाली उतरली. मी खिडकीतून पाहिलं, नळापाशी उभी होती, पाणी पीत नव्हती. ड्रायव्हर आला, कंडक्टरनं घंटी मारली. मला वाटलं, ही आता येत नाही. गाडी हलायच्या वेळी चढली अन् माझ्या शेजारी न बसता पलीकडच्या बाकावर बसली. पर्समधून डायरी काढली.

"कशाची तार?"

"लोखंडाची, जस्त चढवलेली. बांधायची. बारीक."

"कोणत्या दिवशी लावली?"

"बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. तू तिकडल्या रडारवर गेल्ती."

"काढली कवा?"

"साहेब गेले त्या सकाळी."

लिहीत होती. रागावली असती, रडली असती, चार माणसांत मला बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. डॉक्टर विचारतात तसं विचारत होती. फांदी किती उंच, खुंटी कुठे, तार सरळ होती की उतरती. उतरती म्हटल्यावर पेन थांबलं.

"किती लांब?"

"तेरा हात."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुहे हात का गिऱ्हाइकाचे?"

पुढच्या बाकावरचा माणूस वळून पाहायला लागला. ती चेष्टा नव्हती, अन् नुसता टोमणाही नव्हता. तिला खरंच ते हवं होतं. रडारची लाट बारा मीटरची, हे तिनं मला नंतर सांगितलं. तार तिच्या बरोबर निम्मी असली की ती सगळ्यात जोरानं बोलते. दोन-दोन बोटांनी तेरा हातांत फरक पडतो.

"पूर्ण हात," मी म्हटलं. "येलासाठी मोजली होती. घरच्यासाठी."

घरी आल्यावर मी ट्रंक उघडली, लुगड्यांखालची तार काढून तिच्यासमोर ठेवली. तिनं टेप आणला. आधी तार मोजली, मग म्हणाली, हात दे. कोपरापासून बोटापर्यंत टेप लावला. लहानपणी ओट्यावर बसून फूटपट्टीनं मोजायची तशीच, जीभ ओठाच्या कोपऱ्यात. तेरानं गुणलं. जुळलं. सहा मीटरला जराशी कमी. ती जमिनीवर बसली अन् दोन्ही हातांनी तोंड झाकलं, बराच वेळ. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तो हात मला तेव्हा माझा वाटेना.

मग म्हणाली, लिहून दे. तिच्या कचेरीत धाडायचं, त्या नोंदीच्या पुढे कारण लिहायचं. मी म्हटलं, तूच लिही ना, मी सही करते, माझं अक्षर... ती म्हणाली, तुह्याच अक्षरात.

मी लिहिलं. अर्जासारखं, खाडाखोड न करता. सुतळी वाऱ्यानं तुटली, म्हणून मी न विचारता तार लावली, माझ्या मुलीला माहीत नव्हतं, चूक माझी आहे. बरं लिहिलं असं मला वाटलं. तिनं वाचलं अन् कागद परत माझ्यासमोर सरकवला.

"विचारलं होतं ते कुठी हाय?"

मी म्हटलं, "ते लिहाच लागते का? तार लावली हे तर लिहिलं ना."

"'न विचारता' असं लिहिलं तू. मी विचारलं होतं, आई. त्याच्याचसाठी तर मी पानं बाजूले केली नाई."

तिथे माझ्या लक्षात आलं, की कबुली देतानासुद्धा मी गिऱ्हाइकाचा हात मोजला होता. दोन बोटं सोडलीच होती. नवा कागद घेतला. ते साहेब वाचतील, ज्यांनी भाजी दुसऱ्यांदा मागितली ते. तिच्या जागी बसलेला माणूस वाचेल. कचेरीतले सगळे वाचतील की हिची आई खोटं बोलली. मी लिहिलं, 'तार लावल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीनं मला विचारलं की सुतळीच आहे ना. मी सुतळीच आहे असं सांगितलं. तेव्हा ती तार होती अन् मला ते माहीत होतं.' खाली सही केली. तार किती लांब तेही लिहिलं, तेरा हात, अन् पुढे तिनं सांगितलेले मीटर.

कागद गेला. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, तिलाही नाही. रडार परत मिळेलच असं नाही म्हणाली. मला माफ केलं की नाही ते तिनं सांगितलं नाही अन् मी विचारलंही नाही. विचारायचा हक्क आता तिचा.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती निघाली. त्याआधी जेवायला बसली. भाजी दोडक्याचीच होती, घरात दुसरं काही नव्हतं. मी ती करावी की नाही ह्यात सकाळभर होते. तिनं खाल्ली. मीठ घातलं होतं का ते विचारलं नाही. निघताना स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण पाहिलं. बॅग उचलली, उंबऱ्यापर्यंत आली, परत जाऊन पाहिलं. मग चपला घातल्या.

मी मोजत होते. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी गेली तरी मी दारातच उभी होते, आता परत फिरते का पाहत. दोनदाच पाहिलं तिनं.